ओळीतले तण

पेरावे तसे उगवते, ही म्हण लोकांच्या तोंडी इतकी रुळली आहे की तिच्याविषयी शंका घेण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु शेतकऱ्याचा अनुभव थोडा निराळा आहे. तो गहू पेरतो, आणि काही दिवसांनी गव्हाबरोबर असेही काही उगवते, जे त्याने पेरलेले नसते. सद्गृहस्थाची व्यथाही हीच आहे. तो दान, सेवा, व्रतनियम यांचे बी पेरतो आणि काही वर्षांनी पाहतो, तो अंतःकरणात अहंकार आणि असूया उगवलेली! मग त्याला प्रश्न पडतो : म्हण खोटी, की आपले बी खोटे?

म्हण खोटी नाही, अपुरी आहे. शेत कधीच रिकामे नसते. तण तीन वाटांनी येते : न पाखडलेल्या बियाण्यातून, अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आणि जमिनीत पूर्वीच पडून राहिलेल्या बियांतून. विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली अमेरिकेतील मिशिगन येथे रानटी वनस्पतींच्या बिया वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरून ठेवल्या. त्यांतील एक बाटली २०२१ साली उकरण्यात आली, तेव्हा तिच्यातील काही बियांना अंकुर फुटले. एवढा काळ जमीन वरून स्वच्छच दिसत होती! गीतेच्या १३ व्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे. या क्षेत्रातही हेतूतील भेसळ, संगतीचे कच्चे खत आणि जुने संस्कार या तीन वाटांनी न पेरलेले उगवते. त्यात नवल नाही. खरा प्रश्न ते ओळखण्याचा आहे.

तिफणीने पेरलेल्या शेतात दोन ओळींमध्ये उगवलेले तण लहान मूलही ओळखते, आणि ते कोळप्याने निघते. कठीण असते ते ओळीतले तण. पंजाब-हरियाणाच्या गव्हात उगवणारा गुल्लीदंडा कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखा दिसतो. जाणता शेतकरी बुंध्याची तांबूस झाक पाहून त्याला ओळखतो. भातात सावाँच्या जातीचे रानगवत असेच लपते. भाताचे पान जेथे खोडापासून सुटते तेथे एक पातळ पापुद्रा असतो. या गवताला तो नसतो. दोहोंतही पानाच्या टोकाकडे पाहून उपयोग नसतो. पाहावे लागते ते बुंध्याशी आणि सांध्याशी.

हे साम्य आले कोठून? पिढ्यानुपिढ्या शेतकरी वेगळे दिसणारे तण उपटत आले. जे पिकासारखे दिसले तेवढेच वाचले, आणि त्याचेच बी पुढे पडत राहिले. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव (१८८७–१९४३) यांच्या नावाने हे अनुकरण ओळखले जाते. म्हणजे निंदणीनेच तणाला पिकाचे रूप दिले! साधकाने या गोष्टीचा फार विचार करावा. ज्याने चोरी, असत्य, कठोर भाषण हे ढोबळ दोष उपटून टाकले आहेत, त्याच्या मनात उरणारा दोष सद्गुणाचाच वेष घेऊन उरतो. मोह वात्सल्याचा वेष घेतो, आळस विरक्तीचा, आणि भय क्षमेचा. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला जी करुणा वाटली, तिला भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात हृदयाची दुर्बळता म्हटले, ते याच कारणाने.

एखादा गृहस्थ भावाच्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलतो. कृत्य निःसंशय चांगले. पुढे तो पुतण्या नोकरीला लागतो आणि दिवाळीला पाया पडायला येत नाही. त्या संध्याकाळी काकांच्या घशाखाली घास उतरत नाही. मुलाचे वागणे चुकले असेल. पण त्या न उतरणाऱ्या घासात काकांना स्वतःच्या दानाचा सांधा दिसू शकतो. तेथे परतफेडीची अपेक्षा होती. १७ व्या अध्यायातील सात्त्विक आणि राजस दानाचा भेद याच ठिकाणी आहे. दिलेली रक्कम दोन्हींत सारखीच असू शकते.

यास्तव विचारी मनुष्याने आपल्या प्रत्येक सत्कृत्याला हे विचारावे : कोणी पाहत नसते तर हे घडले असते काय? उपकार विसरला गेला तर मन शांत राहील काय? आणि हेच कर्तव्य सुखाचे नसून कष्टाचे असते तर आपण ते टाळले असते काय? ही परीक्षा फक्त स्वतःच्या शेतात करावी. दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून त्याचे तण मोजणे, हेही एक तणच होय.

येथे एका प्रमादापासून जपले पाहिजे. आपल्या दानात अहंकार आढळला म्हणून कित्येक जण दानच सोडून देतात. हे तर तणासाठी उभ्या पिकावर नांगर फिरविणे झाले. १८ व्या अध्यायात भगवंतांनी यज्ञ, दान आणि तप टाकू नयेत, ती आसक्ती व फळ सोडून करावीत, असा आपला निश्चित अभिप्राय दिला आहे. काकांनी पुढच्या पुतण्याची फी थांबवू नये. ती देताना दिवाळीच्या नमस्काराची आशा तेवढी खुडून टाकावी. ओळीतले तण असेच हाताने, एकेक करून, पिकाच्या मुळाला धक्का न लावता काढावे लागते, आणि ते बी धरण्यापूर्वी काढावे लागते. पुढच्या हंगामात ते पुन्हा उगवेल. तेव्हा पुन्हा वाकावे. शेतकरी त्याने निराश होत नाही. साधकानेही होऊ नये.