डब्यात उरलेली भाकरी

खेड्यांतून कळंबला येणाऱ्या सकाळच्या एसटीत ड्रायव्हरशेजारी डब्यांच्या पिशव्या ठेवलेल्या दिसतात. कुणाचं पोरगं तालुक्याला खोली करून शिकतंय, कुणाची मुलगी वसतिगृहात आहे. आईनं पहाटे उठून भाकरी थापलेली असते, सोबत पिठलं नाहीतर शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळच्या गाडीनं डबा परत येतो. एखाद्या दिवशी तो हाताला जड लागतो. उघडून बघावं तर भाकरी तशीच, कडा वाळून कडक झालेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आई चटणी बदलून बघते.

लेकराचं मन बरं नाही, हे कुठल्याही तज्ज्ञाच्या आधी त्या माउलीला समजलेलं असतं. पुढं मात्र अडतं. रात्री फोन लागतो आणि आपण विचारतो, ‘अभ्यास चाललाय ना?’ तिकडून ‘हो’ येतं. ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून आपण फोन ठेवतो. ज्याच्या छातीत रोज पुस्तक उघडताच धडधडतं, त्यानं ही तीन-चार वाक्यं संपेपर्यंत आपलं दुखणं सांगायचं तरी कधी?

आपल्या भागातल्या विद्यार्थ्याचं दुखणं नुसतं परीक्षेचं नसतं, हे मला आवर्जून सांगायचं आहे. २०२५ साली दहावीत असलेलं लेकरू २०१६ मध्ये पहिलीच्या आसपासच्या वयाचं होतं. त्या वर्षी मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मग २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या धाराशिव जिल्ह्यात असा पाऊस कोसळला की काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. या दोन सालांच्या मधे ते वाढलं. घरात कर्जाचं बोलणं निघालं की मोठी माणसं आवाज खाली आणतात, पण लेकरांना सगळं ऐकू येतं. क्लासची फी कुठल्या पट्टीतल्या पिकावर भरली, आईच्या कानातलं काय झालं, हे त्यांना पाठ असतं. ‘तुझ्यासाठीच सगळं चाललंय’ हे आपण मायेनं म्हणतो. खचलेल्या मनाला त्याचा अर्थ लागतो तो असा, की माझ्यामुळं हे सगळे भोगतायत. मार्क कमी पडले की ते स्वतःला अपराधी धरतं. कमी अभ्यासाची शिक्षा एकवेळ सोसता येते, घर बुडवल्याची सोसवत नाही.

आकडे लिहिताना हात जड होतो, तरी ते माहीत असायला हवेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. परीक्षेतलं अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंपुढं लिहिलं गेलं. नापास झालं म्हणून खचलं, हा आपला सरधोपट समज किती अपुरा आहे ते यातून दिसतं. घरातले ताण, आजार, एकटेपण, प्रेमातली फसगत, कुणीतरी चारचौघांत केलेला अपमान, आणि बऱ्याच वेळा यातलं एकच एक काही नाही, सगळंच थोडं थोडं साचलेलं.

शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा, २०१५ साली, राज्य शासनानं प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आपला जिल्हा त्यात होता. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकऱ्याची विचारपूस करायची, झोप लागते का, जीव कशात रमतो का, हे विचारायचं आणि गरज दिसली तर उपचारापर्यंत पोचवायचं, असं ते काम. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण कर्त्या पुरुषाला ‘तुझं मन कसं आहे’ असं विचारायची रीत आपल्याकडे नव्हती. आता त्याच घरात कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या पोरालाही ते प्रश्न विचारायला हवेत. पाऊस बापाच्या शेतावर पडतो, पण त्याची झळ दोघांना लागते.

वाईट वाटणं आणि आजार यात फरक आहे. चाचणीत मार्क कमी आले, मैत्रिणीशी भांडण झालं, तर रडू येणारच. चार दिवसांत माणूस सावरतो, त्याला औषध लागत नाही. पण दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, आवडीच्या क्रिकेटलाही पोरगं उठत नाही, सारखी चिडचिड होते, वारंवार पोट नाहीतर डोकं दुखतं आणि तपासणीत काही सापडत नाही, तर ते आळस किंवा नाटक समजू नये. ‘मन लागंना’ असं लेकरू म्हणतं तेव्हा ते खरं सांगत असतं. पहाटे चारला उठवून हे बरं होत नाही, उलट बिघडतं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच.

काही घरांत म्हणतात, ‘बाहेरचं झालंय’, ‘नजर लागली’. श्रद्धेवर मी टीका करणार नाही. येरमाळ्याला येडेश्वरी देवीच्या पायरीवर डोकं टेकल्यावर पुष्कळांचा जीव हलका होतो. आईच्या पाया पडा आणि तिथून निघालात की डॉक्टरलाही दाखवा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या शासकीय रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ बसतात. तापाला गोळी घेताना आपण लाजत नाही, मग इथं शेजारी काय म्हणतील याची धास्ती कशाला? मुलीच्या बाबतीत तर ‘लग्नाला अडचण येईल’ म्हणून वर्षानुवर्षं दुखणं झाकलं जातं. हे मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक भीती घालवायला हवी. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. अभ्यासकांनी हे पुनःपुन्हा तपासलं आहे. शांतपणे, जवळ बसून विचारलं तर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण इतके दिवस हे कुणापाशी बोलता आलेलं नसतं. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, उपदेश करू नका. एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या.

शाळा-महाविद्यालयांची जबाबदारीही आता लेखी ठरली आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, त्यांना चारचौघांत खाली पाहायला लावू नये, हेही त्यात आहे. हुशारांची तुकडी आणि ‘ढ’ पोरांची तुकडी ज्यांनी बघितली आहे, त्यांना या वाक्याची किंमत कळेल. कळंबसारख्या गावात तशी माणसं मिळणं सोपं नाही, हे मान्य. पण पालक सभेत ‘आपल्याकडे समुपदेशक कोण?’ एवढं विचारायला काही लागत नाही. दहा पालकांनी विचारलं तर संस्थेला उत्तर द्यावं लागतं.

आज रात्री फोन कराल तेव्हा अभ्यासाचं विचारू नका. ‘जेवलास का, झोप लागते का, कुणाशी बोलतोस का?’ एवढंच विचारा आणि तिकडून शब्द येईपर्यंत थांबा. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. उद्याच्या डब्यासोबत तो एका चिठ्ठीवर लिहून पाठवा.