परत दिलेला पैसा

ठरलेली किंमत हातात पडली की त्यातले थोडे पैसे विकणाऱ्याने घेणाऱ्याला परत करायचे, ही आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या गुरांच्या बाजारातली जुनी रीत. त्याला तिथे ‘लक पेनी’ म्हणतात, म्हणजे नशिबाचा पैसा. आपल्याकडे इसार घेणारा देतो. तिथे विकणारा देतो, जनावर नव्या दावणीला लाभावे म्हणून. आपण त्याला बरकतीचा पैसा म्हणू. पण ही भेट आहे, की किमतीचाच भाग?

गॉलवे परगण्यातला बॅलिनास्लोचा ऑक्टोबरचा घोडेबाजार घ्या, नाहीतर केरीतला किलॉर्ग्लिनचा ऑगस्टमधला, जिथे रानबोकडाला राजा म्हणून मुकुट चढवतात. विकणारा चढा भाव सांगतो, घेणारा पाठ फिरवून चालू लागतो. मग ‘टँगलर’ नावाचा मध्यस्थ त्याला ओढून आणतो, फरक निम्मानिम्मा करायला लावतो आणि दोघांचे हात एकमेकांवर आपटतो. तळहातावर थुंकून टाळी पडली की जबान पक्की. कागद नाही, सही नाही. आपल्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. तिथे सारा गाव बघत असतो.

मला खटकते ते इथेच. रात्रभर गुरे हाकत आलेला, खंडाचे पैसे डोक्यावर असलेला शेतकरी चारचौघांत हात मागे कसा घेणार? व्यापाऱ्याला त्याची नड कळलेलीच असते. आणि शेवटी परत देणाराही तोच! त्यातही ‘नशिबाचे किती?’ म्हणून पुन्हा घासाघीस.

तरी मी याला खोटेपणा म्हणणार नाही. परत द्यायचे आहेत हे धरूनच विकणारा भाव सांगतो, आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते. जिथे कुणी फसत नाही तिथे लबाडी कसली? घोड्याचा लंगडेपणा लपवणे मात्र वेगळे. तो गुन्हा नशिबाच्या पैशाने धुतला जात नाही.

१९५० नंतर सहकारी ‘मार्ट’ आले, वजनकाटा आला, लिलाव सुरू झाला आणि रस्त्यावरचे गुरांचे बाजार ओस पडत गेले. गरीब शेतकऱ्याचे त्यात भलेच झाले असे मला वाटते. एका व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायची पाळी टळली. पण नशिबाचा पैसा तिथेही टिकला. लिलाव संपल्यावर विकणारा गर्दीत घेणाऱ्याला शोधून काढी आणि त्याच्या हातात नोट ठेवी.