एका उतारूचे स्टेशन



जपान देशाच्या उत्तरेस होक्काइदो नावाचे मोठे बेट आहे. तेथे हिवाळ्यात फार बर्फ पडते. त्या बेटावरील सेकिहोकु लोहमार्गावर क्यू-शिराताकी नावाचे एक लहानसे स्टेशन होते. तेथे स्टेशनमास्तर नव्हता, तिकिटे देणारा कारकून नव्हता. एक फलाट व एक लाकडी खोपटे, एवढाच काय तो थाट. 1947 साली तात्पुरता थांबा म्हणून ते उघडले, 1987 साली त्यास स्टेशन ही पदवी मिळाली, व 2016 च्या मार्च महिन्यात ते बंद झाले.

शेवटी तेथे नित्याची उतारू म्हणून एक शाळकरी मुलगीच उरली होती. त्या वर्षी जानेवारीत ही वार्ता जगभर पसरली. पण ती अशी की, रेल्वे कंपनीने केवळ या एकटीकरिता, तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत, स्टेशन चालू ठेविले. पुष्कळांच्या डोळ्यांस पाणी आले. हरवलेल्या मेंढराच्या दृष्टांतावर बोलताना ही गोष्ट सांगण्याचा मोह कोणत्या उपदेशकास होणार नाही?

परंतु ती तशी घडली नव्हती. कित्येकांनी तर स्टेशनाचे नावही चुकविले, व त्याच भागातील कामि-शिराताकीचे नाव छापिले. गाडी तिच्या एकटीची नव्हती. इतर स्टेशनांवरून दुसरे विद्यार्थीही तीत बसत. उतारू घटले म्हणून त्या भागातील तीन स्टेशने एकदम बंद झाली. जपानात रेल्वेचे वेळापत्रक मार्चात बदलते व शाळेचे वर्षही मार्चातच संपते. या दोन गोष्टी जुळल्या, आणि सांगणाऱ्यांनी त्यांत हेतू घातला.

चांगल्या कामासाठी घातलेली अशी भर पाप होय काय? होय, असेच आम्हांस वाटते. जो उपदेशक आज खोट्याने लोकांस रडवितो, त्याचे खरे उद्या कोण ऐकेल? शिवाय या भरीने त्या मुलीस याचक केले. ती याचक नव्हती. ती उतारू होती. इतरांप्रमाणे तीही आपल्या गाडीची वाट पाहत उभी राही. चालकानेही तिच्यावर उपकार केला नाही. वेळापत्रकात ते स्टेशन होते, म्हणून बर्फाच्या सकाळीही तो तेथे गाडी उभी करी, आणि याबद्दल त्याची वाखाणणी कोणी करीत नसे. आम्हांस तर कल्पित दयेपेक्षा ही नेमाची चाकरीच अधिक मोलाची दिसते. दोन-तीन घरांच्या मंडळीकडे दर आठवड्यास पायी जाणाऱ्या सेवकास ती ओळखीची वाटेल.

त्या स्टेशनाचा शेवट मात्र शिरगणतीने झाला. त्यात क्रौर्य नव्हते, करुणाही नव्हती. ते खेडे ओसरत गेले, आकडा लहान झाला, आणि नाव वेळापत्रकातून निघाले. त्या मार्गावर गाड्या आजही धावतात. तेथे त्या थांबत नाहीत.