आकडा आणि आवाज

आजचं वाचन : गीता, अध्याय १२, श्लोक १३-१४. कुणाचाही द्वेष न करणारा, सगळ्यांशी मैत्रीने आणि करुणेने वागणारा भक्त भगवंताला प्रिय असतो.

वाचताना एप्रिल २०२१ आठवला. बाबा घरातच विलगीकरणात होते. रोज संध्याकाळी एका सिस्टरांचा फोन यायचा. ताप किती, ऑक्सिजन किती? मला वाटायचं, फोनवरून कसली आलीय सेवा!

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "पंच्याण्णव आहे, ठीक आहे मी." सिस्टर म्हणाल्या, "काका, एवढं बोलताना दोनदा थांबलात. खोलीतच सहा मिनिटं चाला आणि परत बघा." चालल्यावर ९० आलं. त्याच रात्री बेड शोधला. बाबा वाचले. सिस्टरांचा चेहरा आम्ही आजवर पाहिलेला नाही.

मी एका भिंतीपलीकडे होतो, पण फक्त आकडा ऐकत होतो. त्या बाबांना ऐकत होत्या. मग जवळ कोण होतं?

स्पर्शाला पर्याय नाही, हे खरंच. पण लक्षच नसेल, तर नुसत्या जवळ असण्याला करुणा कसं म्हणायचं? नामस्मरणाचंही तेच. ओठांवर नाम आणि चित्त मोबाईलमध्ये!

मित्रांनो, आज घरी फोन कराल तेव्हा "बरंय" एवढ्यावर थांबू नका. आवाज ऐका.