मोहरी मागणारी आई आणि मृत्यू मोजणारी माणसं

मेलेलं मूल कडेवर घेऊन किसा गौतमी बुद्धांकडे आली. ज्या घरात कधी कुणी मेलं नाही, त्या घरून मोहरी आण, असं त्यांनी तिला सांगितलं. ती दारोदार फिरली. मोहरी सगळ्यांकडे होती, आणि मृत्यूही. अनित्यता उमगली तेव्हा तिने मूल स्मशानात सोडलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या बौद्ध घरांना ही कथा नवी नाही. पण ती जरा तिरकी धरून वाचली, तर गौतमीने त्या दिवशी घरोघरचं सर्वेक्षणच केलं होतं. फक्त किती गेले, कशाने गेले आणि कोणत्या घरांतून जास्त गेले, हे तिने विचारलं नाही.

ते प्रश्न डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत विचारले. 1988 साली तिथे हजारी 121 बालकं वर्षाच्या आत दगावत होती. ‘देवानं दिलं, देवानं नेलं’ म्हणायचं आणि कामाला लागायचं, दुसरा इलाज नव्हता. मग गावातल्याच बायकांना शिकवलं गेलं: बाळाचं वजन करायचं, त्याला उबेत ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटला होता.

इथे वैद्यक संपतं आणि धर्मचिंतन सुरू होतं. कालपर्यंत ज्याला प्रारब्ध म्हणत होतो, त्यातलं निम्म्याहून जास्त एका शिकवलेल्या बाईच्या हातून टळत असेल, तर ते प्रारब्ध होतं की आपली हयगय? अनित्यतेचं सत्य त्याने खोटं पडत नाही. मरण सगळ्या घरांत येतं हे खरंच. पण ते सगळ्या घरांत सारख्या वयाला येत नाही. घाटंजीच्या बाजारपेठेतलं घर आणि झरी जामणीतलं कोलाम आदिवासींचं पोड (वस्ती) यांना एकच सांत्वन पुरेसं मानणं, हे सांत्वन देणाऱ्याच्याच सोयीचं आहे.

मात्र मोजणाऱ्यांचे हातही अगदी स्वच्छ नाहीत. त्या प्रयोगात 39 गावांत ही सेवा मिळाली. 47 गावं तुलनेसाठी होती, तिथे नेहमीची सरकारी व्यवस्थाच चालू राहिली. तुलना नसती तर सरकारने विश्वास ठेवला नसता, हा युक्तिवाद पटतो. 2011 पासून देशभरच्या आशा ताईंकडे घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम आलं, ते याच पुराव्याच्या बळावर. तरी हा युक्तिवाद करताना जीभ थोडी अडखळायला हवी.

2001 मध्ये 13 संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी दप्तरात दिसत होते त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू राज्यात होत असल्याचं त्यातून पुढे आलं. म्हणजे मुलं एकदा पाळण्यातून गेली आणि दुसऱ्यांदा नोंदवहीतून.

आकड्याला डोळे नसतात, हेही यवतमाळने पाहिलं आहे. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यात 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. ‘12 लाभार्थी’ एवढी नोंद बाटलीत काय होतं ते सांगत नाही. त्यांना उलट्या झाल्या म्हणून ते कळलं.

त्याहून अवघड गोष्ट रकान्याची. शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं. कर्ज कुणाचं होतं, जमीन कुणाच्या नावावर होती, तगादा होता का, हे सारं तपासलं जातं. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाखाची मदत, अपात्र ठरलं तर काहीच नाही. बापाने बिनपरवाना सावकाराकडून उचल घेतली की बँकेतून, याचा पोरीच्या पोरकेपणाशी काय संबंध? कर्माचा सिद्धांत मुलाला निदान त्याच्याच मागच्या जन्माचा हिशेब दाखवतो. हा रकाना बापाचा हिशेब लेकरावर चढवतो.

बालसंगोपन योजनेचा अर्ज मात्र दुसऱ्या टोकाने सुरू होतो. बाप कसा गेला, कर्ज कुणाचं होतं, यावर तिथे पात्रता ठरत नाही. मूल अठराच्या आतलं आहे का आणि त्याला आधार आहे का, हे बघतात. 2023 पासून त्यात महिन्याला 2250 रुपये आहेत. एकाच घरच्या एकाच मृत्यूची अशी दोन कागदं निघतात, आणि त्यांतलं एक त्या पोरीच्या नावाने सुरू होतं.