पहिला अधिष्ठाता

एखादें नवें वैद्यकीय महाविद्यालय काढावयाचें ठरलें म्हणजे इमारत, खाटा आणि उपकरणें यांचा हिशेब आधीं होतो. त्याचा पहिला प्रमुख कोण असावा, हा प्रश्न मात्र पदव्यांची यादी चाळून सुटला असें आपण मानतों. वस्तुतः हा प्रश्न विद्वत्तेपेक्षां नीतीचाच अधिक आहे.

तो कसा, तें पाहूं. रोग्यावांचून वैद्यक शिकतां येत नाहीं. आणि ज्याच्या देहावर नवशिके हात शिकतात, तो रोगी बहुधा गरीब असतो. पुढल्या पिढीच्या आरोग्यासाठीं आजच्या एका दुबळ्या माणसाचा साधन म्हणून उपयोग होतो, हें मान्य केलेंच पाहिजे. मनुष्याला केवळ साधन लेखूं नये, असें जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें बजावलें आहे. त्यांतील 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा होय. तपासण्यापूर्वीं रोग्याची अनुमति घेणें, पडदा ओढणें, त्याच्यादेखत त्याच्या व्याधीची चर्चा जपून करणें, हे नियम कागदावर लिहितां येतात. अंगीं बाणतात ते पहिल्या प्रमुखाची वागणूक पाहून. त्याची संवय हीच पुढें संस्थेची परंपरा होते.

यावर कोणी म्हणेल कीं, सज्जन पण अजाण वैद्य काय कामाचा? आक्षेप रास्त आहे. अजाण हाताची दया रोग्याला मारकच ठरते. परंतु विद्वत्ता हा उंबरठा आहे. तो ओलांडून आलेल्यांतून कोणाला निवडावें, हा खरा प्रश्न.

मुंबईचें शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय 1926 सालीं सुरू झालें. तेथील अध्यापक सरकारी नोकरींत नसलेले पात्र हिंदी वैद्यच असावेत, अशी देणगीची अट होती; कारण तोंवर मोठ्या जागा सरकारी वैद्यकीय सेवेंतील अधिकाऱ्यांकडे जात. लंडनची एम्. डी. पदवी घेतलेले डॉ. जीवराज मेहता तेथें पहिले अधिष्ठाते झाले. ज्यांना दारांतच अडविलें जाई, त्यांच्यावर विश्वास टाकूनही योग्यतेची पातळी राखतां येते, हें त्या निवडीनें दाखविलें. निवड ही स्वतःच एक नैतिक कृति असते.

आतां छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादकडे, वळूं. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 सालचें. त्याच वर्षीं मराठवाडा हैदराबाद राज्यांतून मुंबई राज्यांत आला. पुढें 1958 सालीं विद्यापीठ निघालें, तेव्हां मुंबई विद्यापीठाचा कारभार पाहिलेले सुं. रा. डोंगरकेरी येथें पहिले कुलगुरु झाले. मागें राहिलेल्या प्रांताला नव्या संस्थेसाठीं बाहेरचा अनुभवी माणूस बोलवावा लागतो, यांत कमीपणा नाहीं. मात्र येणारा ही जागा पुढच्या बढतीची पायरी समजतो कीं येथल्या दुखण्याला आपलें म्हणतो, हें निवडणाऱ्यांनीं पारखलें पाहिजे. त्याला सभागृहांत प्रश्न विचारावेत, तसेंच एकदां रुग्णकक्षांतूनही हिंडवावें. तो खाटेवरच्या फलकाकडे प्रथम पाहतो कीं माणसाकडे, तें दिसेल.

या शहरांत त्या रुग्णालयाला लोक 'घाटी' म्हणतात. खेड्यांतून रोग्याला घेऊन येणाऱ्यास अधिष्ठात्याचें नांव ठाऊक नसतें. "घाटींत नेऊं," एवढेंच तो म्हणतो. त्या दोन शब्दांतील भरंवसा सांभाळणारा माणूस शोधणें, हेंच निवड समितीचें खरें काम होय.