धोंड्याचा महिना आणि ईस्टरचा रविवार

बारा चांद्र महिन्यांचे दिवस भरतात ३५४. सूर्याचे वर्ष मात्र सुमारे ३६५¼ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवस मागे राहतात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांत त्यांचा एक अख्खा महिना होतो. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत पडत नाही तो अधिक, हा पंचांगाचा नियम. लोकांच्या तोंडी तो धोंड्याचा महिना. जावयाला वाण म्हणून तेहतीस अनारसे देतात; तो आकडाही या अंतराच्या जवळपासच येतो. वाट्याला देवता न आलेला हा महिना मलमास ठरला, तेव्हा विष्णूने त्याला स्वतःचे ‘पुरुषोत्तम’ हे नाव दिले, अशी पुराणकथा आहे. त्या पुरुषोत्तमाचे मंदिर बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरीला गोदाकाठी आहे. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२चा (इ.स. १३१०) ताम्रपट याच गावचा. अधिक महिना लागला की येथे यात्रा भरते.

चंद्र-सूर्याचा हाच मेळ ख्रिस्ती चर्चला ईस्टरसाठी घालावा लागला. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, असा तो सण. सर्वांनी तो एकाच दिवशी पाळावा, असे ३२५ साली निकियाच्या परिषदेत ठरले, पण गणिते वेगवेगळीच राहिली. सातव्या शतकात इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वी आयरिश भिक्षूंची गणना मानी, राणी रोमची. राजाचा ईस्टर उजाडला तरी राणीचा उपवास चालूच. स्मार्त एकादशी आज आणि भागवत एकादशी उद्या, हे अनुभवलेल्या घरांना यात नवल वाटू नये. ६६४मध्ये व्हिटबीच्या सभेत राजाने रोमची बाजू घेतली. रोममध्ये डायोनिसियस या भिक्षूने ५२५ साली अलेक्झांड्रियाचे एकोणीस वर्षांचे चक्र घेऊन कोष्टके केली होती. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची सुरुवातही त्यांतलीच. ७२५मध्ये त्यामागचे गणित सविस्तर मांडणाऱ्या इंग्लिश भिक्षूचे नाव बीड. जिल्ह्याशी संबंध अर्थातच नाही.

एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्र महिने जवळजवळ नेमके बसतात, म्हणजे सात महिने अधिक. २००७ आणि २०२६ या दोन्ही वर्षी अधिक ज्येष्ठाचा आरंभ १७ मेचा आणि चर्चच्या कोष्टकातील पौर्णिमा २ एप्रिलची. ईस्टर मात्र ८ आणि ५ एप्रिलला, कारण वार बदलतो.

कोष्टकातील चंद्र आकाशातल्या चंद्राची वाट पाहत नाही. त्यामुळे सोळाव्या शतकापर्यंत कोष्टकातली पौर्णिमा खऱ्या पौर्णिमेच्या तीन-चार दिवस मागे पडली; शिवाय संपात दहा दिवस अलीकडच्या तारखेला सरकला. १५८२मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने दोन्ही दुरुस्त केले. पंचांग तिथी आकाशावरून ठरवते, पण त्याची संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि मकरसंक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. हे अंतर सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने वाढते.